तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पेपर उघडा

"कॉलेज सुटून पंधरा वर्षं झाली, गणित पार गंजलंय. फुकटात काही चांगलं मिळेल का?" असं विचारणारे इंजिनिअर मला सारखे भेटतात. मिळतं, आणि ढिगानं मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करायचं जाहीर केलं. आज त्यांच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर अडीच हजारांहून जास्त अभ्यासक्रम आहेत. नावनोंदणी नाही, फी नाही, प्रमाणपत्रही नाही. घोळ होतो तो आपल्या शिकण्याच्या पद्धतीत.

माझाच सांगतो. एका ज्युनिअरनं विचारलं होतं: दोन सारखी वजनं, तीन सारख्या स्प्रिंग, सगळं एका रांगेत जोडलेलं, दोन्ही टोकं पक्की, सॉफ्टवेअर दोन नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर आपोआप हलण्याचे वेग) देतं, आणि दुसरी पहिलीच्या १.७३ पट येते. का? कंपनांचं काम मी रोज करतो, तरी उत्तर सुचेना. "गणित तसंच येतं," म्हणून वेळ मारून नेली.

मग ओपनकोर्सवेअरवरची, एमआयटीत गणित शिकवणाऱ्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जेब्राची (एकत्र सोडवायच्या सरळ समीकरणांच्या गणिताची) व्याख्यानं लावली. १९९९ सालचं चित्रीकरण, फळा आणि खडू, आणि शिकवणं असं की ऐकताना सगळं कळतंय असंच वाटतं. दीडपट वेगानं डझनभर व्याख्यानं मान डोलवत पाहिली. नंतर सहज पहिल्या परीक्षेचा पेपर उघडला, तर पहिल्याच प्रश्नावर पेन हलेना.

तेव्हापासून मी उलटा जातो. आधी पेपर घ्यायचा, जिथे अडेल त्याचं व्याख्यान शोधायचं, तेवढंच बघायचं. ज्युनिअरचा प्रश्नही मी पेपरातला समजूनच सोडवायला घेतला. समीकरणं मांडली तर मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, आली: वरच्या ओळीत २ आणि उणे १, खालच्या ओळीत उणे १ आणि २. स्ट्रँग पहिल्याच व्याख्यानात नेमकं हेच फळ्यावर लिहितात! मी ते पाहिलं होतं, आणि डोक्यात काहीही शिरलं नव्हतं. एकविसाव्या व्याख्यानातल्या रीतीनं त्या चौकटीच्या आयगेनव्हॅल्यू (तिच्यातून निघणारे तिचे खास आकडे) काढल्या: १ आणि ३. वारंवारता त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून १.७३. पण खरी मजा त्यापुढे आहे. दोन्ही वजनं एकाच दिशेनं सारखी हलली की मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही. विरुद्ध दिशांना हलली की ती दुप्पट ताणली जाते. म्हणजे प्रत्येक वजनावर बाहेरच्या स्प्रिंगच्या जोराचा एक वाटा आणि मधलीचे दोन, असे तीन. तो ३ कुठून आला हे स्प्रिंगमध्येच दिसतं.

थोडं सावधही करतो. सगळ्या अभ्यासक्रमांना व्हिडिओ नसतात. काहींत नुसत्या नोट्स आणि गृहपाठ, तोही कधी उत्तरांविना. उत्तरं नसतील तर एकट्यानं शिकणाऱ्यानं तो अभ्यासक्रम सोडून द्यावा. 'स्कॉलर' असं लिहिलेले मात्र जरूर घ्या, ते स्वतः शिकणाऱ्यांसाठीच बांधलेत. मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरची गणितं बरीचशी ऑक्टेव्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर फुकट चालतात. गणित, यंत्रशास्त्र जुनं चालतं. संगणकाचं काही घेताना साल बघा.

आणि एखादा अभ्यासक्रम अर्धवट राहिला तर राहू द्या. डिफरन्शिअल इक्वेशन्सचा माझा दोनदा अर्धवट राहिलाय. तिसऱ्यांदा धरलाय, सध्या त्यातल्या फूरिअर सीरिज या भागापाशी अडकलोय.