आजीच्या नऊवारीची गोधडी

लोकलच्या मेगाब्लॉकमुळे आज आईकडे जाणे रद्द झाले आणि ४ महिने रखडलेली बाळाची गोधडी अखेर पूर्ण झाली. तिच्यात माझ्या आजीच्या दोन जुन्या सुती नऊवारी साड्या आहेत. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्या इतक्या मऊ झाल्या आहेत, की दादरच्या कोणत्याही दुकानात तसे नवे कापड मिळणार नाही. नऊ वार म्हणजे साधारण ८ मीटर, त्यामुळे थरावर थर घालूनही कापड उरले आणि त्याचे लंगोट झाले. कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे, हे सासूबाईंनी शिकवले. त्यांचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे आहेत, माझे मात्र वाट चुकलेले.

जुलैच्या दमट हवेत काहीच वाळत नाही, म्हणून आमच्या एका खोलीच्या घरात पंख्याखाली दोरी बांधलेली आहे. तिच्याखाली बसून नवऱ्याने दिवसभर सुया ओवून दिल्या. (तेवढा वेळ बाळाला घ्यावे लागत नाही, हे त्यामागचे कारण असावे, असा माझा संशय आहे.)

संध्याकाळी बाळाला गोधडीवर निजवले. त्याने आजीच्या साडीचा हिरवा काठ थोडा वेळ मुठीत धरला, मग गोधडी ओली केली, आणि आता ती त्याच दोरीवर वाळत आहे.