व्हिएन्नातला माझा पत्ता

विद्यार्थी एक्सचेंजसाठी व्हिएन्नाला निघताना मला धास्ती होती ती व्हिसाची. पण एकाच सेमिस्टरसाठी, सहा महिन्यांच्या आत परतायचं असेल तर ऑस्ट्रियाचा 'डी' व्हिसा पुरतो. विद्यापीठाचं पत्र, राहायच्या जागेचा कागद, बँकेतली शिल्लक, ३०,००० युरोंचा आरोग्यविमा असं सगळं जुळवलं आणि तो मिळाला. खरा घोर लावला तो तिथे पोचल्यावर, एका पानाच्या फॉर्मनं.

मेल्डेत्सेटल म्हणतात त्याला. नव्या जागी राहायला गेलं की तीन दिवसांत पत्ता नोंदवायचा, आणि फॉर्मवर जागा देणाऱ्याची सही हवीच. मी पोचले शुक्रवारी संध्याकाळी. वसतिगृहाचं ऑफिस थेट सोमवारी उघडणार होतं. रविवारी दुकानंही बंद, त्यामुळे विमानतळावर घेतलेला पाव आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी यांवर दिवस काढला. सोमवारी सकाळी शिक्का घेऊन धावतपळत नोंदणी कार्यालय गाठलं, तर खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म परत केला. शिक्का होता, सही नव्हती. ट्रामनं पुन्हा उलटं जाताना मला रडू फुटलं होतं. तुम्ही जाणार असाल तर एवढं कराच: किल्ली हातात घेतानाच सही मागा.

दुपारी पुन्हा गेले. बाईंनी पासपोर्टवरून माझं नाव मोठ्यानं वाचलं. पासपोर्टात माझ्या नावापुढेच बाबांचं नाव आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी ती दोन्ही माझीच नावं. मी सांगितलं, दुसरं माझ्या वडिलांचं. त्या हसल्या आणि पुन्हा एकदा, सावकाश, नीट उच्चार करत त्यांनी ते वाचलं. त्या परक्या कार्यालयात बाबांचं नाव ऐकून मला इतका धीर आला! दोन मिनिटांत शिक्क्याचा कागद हातात पडला. पैसे काही लागले नाहीत. पुढे बँकेत खातं उघडायला आणि सवलतीचा सेमिस्टर पास काढायला तोच कागद उपयोगी पडला.

वर्गांचं मग लवकर अंगवळणी पडलं. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. तो संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतात. सेमिनारचा पहिला तास मात्र न कळवता चुकवू नका, नाव कमी होतं.

माझे बरेचसे तास जुन्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात असत. सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ साली उघडलेलं हे रुग्णालय आता विद्यापीठाकडे आहे. इथल्याच प्रसूती विभागात १८४७ मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून हे मी पूर्वी वाचलं होतं, पण त्या अंगणातून रोज जाताना त्या बायका मला आठवत राहायच्या.

तिथेच आहे दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग. व्हिएन्नात १८८१ पासून संस्कृत शिकवणारे गेओर्ग ब्यूलर त्याआधी, १८६३ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले होते. मी बी.ए. केलं ते त्याच कॉलेजात. तिथल्या तीन वर्षांत हे नाव माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं, याची हळहळ वाटली. त्या सेमिस्टरचा निबंध मी त्यांच्यावरच लिहिला. कच्च्या जर्मनमुळे शब्दकोश घेऊन बसावं लागे, एका पानाला कधी कधी अख्खी संध्याकाळ जायची.

फेब्रुवारीत निघताना पुन्हा नोंदणी कार्यालयात गेले. फॉर्म तोच, फक्त या वेळी 'आनमेल्डुंग' (नोंदणी) ऐवजी 'आबमेल्डुंग' (नोंद रद्द) या चौकटीत खूण करायची होती. 'कुठे जाणार' या रकान्यात मी भारत लिहिलं. पहिला कागद परत घेतील या भीतीनं त्याची झेरॉक्स काढून नेली होती, पण तो त्यांनी मागितलाच नाही.