कार्बोरेटर चांगला होता

डावीकडे वळायला लागलं की आपोआप रेस घेणाऱ्या गाडीला कुणीतरी नवा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग, बसवून दिला होता. ती गाडी आता माझ्याकडून नीट होऊन गेली आहे, रोज रस्त्यावर दिसते. तरी तिचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

सेलूत माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पाथरीकडच्या खेड्यांतून सकाळी दूध घेऊन येणारे बरेच जण माझ्याकडे येतात. हे मामा पहिल्यांदाच आले. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन, गुडघ्याला पट्टी. डेअरीच्या फाटकातून डावीकडे आत वळताना गाडीनं उडी मारली, कॅन आडवे झाले, दूध मातीत गेलं. पिशवीतून जुना कार्बोरेटर काढून त्यांनी माझ्या बाकड्यावर ठेवला.

"मिस्तरी, ह्यो बदलला तरी गाडी पळायलीच. आता इंजिन खोलावं लागंल म्हणायलेत. तुम्ही एकदा बघा, मग काय खोलायचं ते खोलू."

मी पाना उचललाच नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन गरम होऊ दिलं, मूठ सोडून दिली आणि हँडल सावकाश आधी उजवीकडे, मग डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं. या गाडीला आरपीएमचा काटा नाही, सगळं कानावर. उजवीकडे आवाज होता तसाच राहिला. डावीकडे मात्र शेवटाला जाता जाता इंजिन चढलं. हँडल सरळ केलं की पुन्हा खाली. दोनदा करून मामांनाही ऐकवलं. हँडल कुणीकडे वळलंय हे कार्बोरेटरला कळायला एकच वाट आहे, रेसची वायर. तिथंच माझं अर्धं काम झालं होतं.

ज्यांनी ही वायर कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर एक नळी असते आणि तिच्या आत तार. मूठ फिरवली की तार ओढली जाते आणि कार्बोरेटरमधली स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमीजास्त करणारी सरकती झडप, वर उचलते. ती वर गेली की रेस चढते. हँडल वळलं की नळी वाकते, सरकते, कुठं ताणही बसतो. एवढ्याशा ताणानं स्लाइड उचलली जाऊ नये म्हणून तार थोडी सैल ठेवायची असते. तोच प्ले. तो मुठीच्या कडेवर मोजतात आणि या जातीच्या गाड्यांना २ ते ६ मिलिमीटर ठेवायचा असतो. तेवढी मूठ मोकळी फिरली पाहिजे, त्यापुढे तार लागली पाहिजे. मामांची मूठ जराही मोकळी नव्हती. हात लावला की इंजिन बोलत होतं.

आता कार्बोरेटर का बदलला गेला, ते बघा. ह्याच जागी मला राग येतो. मूठ सोडल्यावर इंजिन ज्या रेसवर चालत राहतं तिला आम्ही स्लो म्हणतो. कार्बोरेटरच्या बाजूला स्लोचा स्क्रू असतो, त्याच्या टोकावर स्लाइड टेकून बसते. स्क्रू बाहेर काढला की स्लाइड खाली येते, रेस उतरते. पण वायरीनंच स्लाइड वर धरून ठेवली असेल, तर स्क्रू कितीही बाहेर काढा, रेस उतरत नाही. स्लाइड स्क्रूवर टेकलेलीच नसते. मामांच्या नव्या कार्बोरेटरचा स्क्रू जवळजवळ निघून यायला आला होता. जुन्याचाही तसाच. म्हणजे आधीच्या मिस्तरीनं स्क्रू सोडून बघितला, रेस उतरली नाही, कार्बोरेटर झिजला असं ठरवलं. नवा बसवला, त्याचाही स्क्रू सोडून बघितला, तोही ऐकेना. दुसऱ्यांदाही तेच झाल्यावर तरी हात वायरीकडे जायला हवा होता. तो गेला इंजिनाकडे.

मग मी हेडलाइट सोडला. आत नुकतंच कुणीतरी काम केलेलं दिसलं. मामांनी रात्रीच्या फेरीसाठी जादा एलईडी लाइट बसवून घेतला होता. बसवणाऱ्यानं त्याची वायरिंग, रेसची वायर आणि क्लचची वायर हे सगळं एका प्लास्टिकच्या टायनं हँडलखाली करकचून आवळलं होतं. दिसायला नीटनेटकं. पण रेसच्या वायरीला हँडलसोबत मागंपुढं सरकायची जागा लागते. ती बांधली की हँडल वळताना सगळा ताण तारेवर येतो. लाइट बसवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही, आणि त्यांना विचारायचंही सुचत नाही. लाइट लागला, पैसे घेतले, गाडी गेली.

टाय कापला, वायर तिच्या मूळ वाटेनं, कुठं दुमडणार नाही अशी नेली. मुठीजवळचं कव्हर उघडून तारेचं टोक बघितलं. निप्पलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या गोळीपाशी, एक जरी बारीक तार तुटलेली असती तर प्ले देऊन भागलं नसतं, वायरच बदलावी लागली असती. तार शाबूत होती. मुठीखालचा पाइप काळ्या मातीच्या धुळीनं भरला होता, तो पुसून कोरडा केला.

तरी माझं समाधान होईना. स्टँडवर रेस चढत होती ती थोडीच. तेवढ्यानं कॅन घेतलेली गाडी उडी मारेल हे पटेना. म्हणून इंजिन बंद ठेवून, कॅनमध्ये पाणी भरून मामांना गाडीवर बसवलं आणि फाटकात वळता तसं हँडल वळवा म्हटलं. डावीकडे वळताना उजवा हात पुढं ताणला जातो. मामांचा कोपर पूर्ण सरळ झाला आणि ओझ्याचा तोल सावरताना मनगट खाली गेलं, मूठ थोडी फिरली. प्ले असता तर तेवढं फिरणं वाया गेलं असतं. प्ले नव्हता, वायरीनं आधीच स्लाइड उचललेली, त्यात हे. गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढं झेपावली की माणूस मागं जातो, आणि मागं जाताना हातातली मूठ आणखी उघडतो. मामा म्हणाले, "म्या तर सोडायलो होतो, तीच वढायली." त्यांच्या हाताला तसंच वाटलं असणार.

मग जुळवणी. वायर इतकी सैल केली की ती मधे येऊच नये. इंजिन लगेच बंद पडलं, कारण स्क्रू बाहेर होता. बघायला उभा असलेला एक जण म्हणाला, बिघडवली. नाही, आत्ता कुठं स्लाइड स्क्रूवर टेकली. स्क्रू आत घेत साधारण १४०० आरपीएमवर, म्हणजे गाडी बंदही पडणार नाही आणि ओरडणारही नाही अशा जागी, स्लो बसवला. त्यानंतर मुठीजवळची रबरी टोपी सरकवून, चेकनट सोडून, ॲडजस्टरनं ४ मिलिमीटर प्ले दिला. चेकनट आवळला, आणि आवळताना ॲडजस्टर फिरला नाही ना म्हणून पुन्हा मोजला. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना. आवाज हलला नाही. मूठ कुठूनही सोडली तरी खटकन मिटत होती. क्रम हाच. आधी वायर सैल, मग स्क्रू, मग प्ले. उलटा केला की दोन्ही एकमेकांत अडकतात. २०२० नंतरच्या, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांत स्लो कॉम्प्युटर सांभाळतो, थ्रॉटल बॉडीवरच्या सील केलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. पण बहुतेकींमध्ये मुठीपासून पुढं वायर आहेच, आणि तिला प्ले लागतोच.

दोन दिवसांनी मामा परत. "मूठ ढिली लागायलीय, पिकअप गेलं." ही मागणी मला रोज ऐकावी लागते, तरण्या पोरांकडून जास्त. मूठ हलली की गाडी हलली पाहिजे, हे लोकांना पिकअप वाटतं, आणि गिऱ्हाईक खूश म्हणून मिस्तरी ॲडजस्टर ताणून देतात. मूठ पूर्ण उघडून स्लाइड किती वर जाते ते मामांना दाखवलं, पार वरपर्यंत जात होती. प्ले ३ वर आणला. त्याखाली आणणार नाही म्हणून सांगितलं.

मग त्यांनी कार्बोरेटरच्या पैशाचं काढलं. "तुम्ही चला माझ्यासंगं, सांगा त्याला, कार्बोरेटर चांगला व्हता म्हणून." जुना मी खोलून बघितला होता. स्लाइड झिजलेली नाही, जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, साफ. चांगलाच होता.

मी त्या मिस्तरीला फोन केला. ओळख आहे, माणूस लबाड नाही. तो म्हणाला, "अहो, स्क्रूनं रेस उतरंना, मग कार्बोरेटरच की. आमच्या उस्तादानं तसंच शिकवलंय." खोटं बोलत नव्हता. आमच्याकडं बहुतेकांची शाळा उस्तादाचं गॅरेज, आणि उस्तादाला जे माहीत तेवढंच पुढं येतं. पैसे परत कर हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यावर तो गप्प बसला. मग विचारलं, "आधी वायर सोडून बघायची का?"

"आधी वायर. ती सोडल्याबिगर स्क्रूला हात लावू नको."

जुना कार्बोरेटर घेऊन मामा आज त्याच्याकडं जाणार आहेत. नवा काढून जुना बसवून द्यायचं मी कबूल केलंय, त्याचे पैसे घेणार नाही. तो नवा परत घेईल की नाही, संध्याकाळपर्यंत कळेल.