खतावणीचा पुठ्ठा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 31 वर्षं दिवाणजी होतो. शेतकऱ्याला पट्टी वाचून दाखवायची म्हणजे नाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई सगळं एका दमात. पुढचा माणूस दारात उभाच असायचा.

त्याच दमात मी नातीला पहिलं पुस्तक वाचून दाखवलं. दीड मिनिटात खलास. चिमी तेव्हा नऊ महिन्यांची. तिनं पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला आणि चावून चावून लगदा केला. मी सूनबाईला म्हटलं, "आवडलं बघ, खाल्लं की!"

सून मिरजेला नर्स आहे. तिची ड्यूटी असली की चिमी माझ्याकडं. कबूल करतो, त्याआधी मी मोबाइलवर गाणी लावून द्यायचो. पोरगी गप्प, मी पेपर वाचायला मोकळा. लस टोचायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी झापलं. वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, असं म्हणे जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 सालीच सांगून ठेवलंय. त्या वर्षी आमच्या घरात कृष्णामाई कंबरभर उभी होती, हे कुठलं कानावर यायला!

सून म्हणाली, "आबा, पुस्तक संपवायचं नसतंय. एका चित्रावर थांबा. ती कुठं बघते ते बघा, त्याचं नाव घ्या, आणि मग गप्प बसा. तिची पाळी येऊ दे."

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. त्यात पुस्तकात पेंग्विन आणि झेब्रा. पेंग्विनबद्दल मी काय बोलणार? मी आयुष्यात बघितलेला नाही, आणि गल्लीत येईल अशी आशाही नाही.

म्हणून स्वतःच पुस्तक केलं. पुरात खालच्या फळीवरच्या हिशेबाच्या खतावण्या गेल्या होत्या, वरच्या वाचल्या. त्यांचे पुठ्ठे कापले. स्टुडिओतून फोटो काढून आणले: आज्जी, तव्यावरची भाकरी, कोपऱ्यावरच्या गोठ्यातली म्हैस, लाल एसटी, आयर्विन पूल. पोरगी चावणार म्हणून मैद्याची खळ करून चिकटवले, वरून रुंद चिकटपट्टी. पोती शिवायच्या दाभणानं भोकं पाडली आणि सुतळीनं घट्ट शिवलं. आमची ही म्हणाली, "एवढं मन लावून कधी घरचा हिशेब लिहिला नाहीत."

आता वाचन असं चालतं. चिमी मांडीवर. आधी ती पुस्तक उलटं धरते, मी सुलटं करत नाही. पान उघडतं. "म्हैस," मी म्हणतो. "म्हैस काय खाते?" आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजतो. एक, दोन, तीन... सहाला तिचे ओठ मिटतात, नाकातून हवा येते, "म्म." मी म्हणतो, "होय, म्हैस! काळी म्हैस. कडबा खाते." ती माझ्या तोंडाकडं बघते. मग परत "म्म". मग मी. एका पानावर सहज पाच मिनिटं जातात. पुलाचं पान आलं की मात्र मला राहवत नाही, 1929 साली झाला, हेही सांगून टाकतो. सून हसते. चालतंय म्हणते, नेहमीच्या बोलण्यात न येणारे शब्दही कानावर पडायला हवेत.

तिनंच एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात बसली. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर नावाच्या बाईंच्या प्रयोगात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळायचा. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला, कारण घरात तो कुणी बोलतच नव्हतं. हे ऐकल्यापासून मला माझ्या कवळीची काळजी लागली. कवळी सैल झाली की माझा 'ळ' घसरतो. बाळ, पळी, हळद, सगळं 'ल'वर येतं. हळदीत आयुष्य गेलेल्या माणसाची नात 'हलद' म्हणाली तर? दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरकडं जाऊन कवळी घट्ट करून आलो.

चिमी आता चौदा महिन्यांची आहे. परवा संध्याकाळी तिला गच्चीवर नेलं होतं. तिनं बोट लांब केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्म!" मी खाली गल्लीत बघितलं. म्हैस कुठंच नाही. बोट शेजारच्यांच्या गच्चीकडं होतं. तिथं पाण्याची काळी टाकी.

सून म्हणाली, या वयात असंच असतंय, एक शब्द सापडला की त्याच्यासारखं दिसेल त्या सगळ्याला तो लावून बघतात. मी टाकीकडं नीट बघितलं. काळी, ढेरपोटी, एका अंगाला कललेली, आणि वरून पाइप शेपटीसारखा लोंबतोय.

"होय," मी म्हटलं, आणि दहापर्यंत मोजायला लागलो.