हलकं सामान, कमी खर्च

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या काठावर चिलापी (तिलापिया मासा) धरायची तर जाड रॉड, म्हणजे गळाची काठी, नकोच. साडेपाच-सहा फुटी अल्ट्रालाइट (एकदम हलका) रॉड, 1000 नंबरचं, म्हणजे लहान आकाराचं स्पिनिंग रील (तंगूस गुंडाळायचं यंत्र), 4 पौंड ताण सोसणारा तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) आणि 2 ते 4 ग्रॅमचे स्पिनर (फिरत्या पात्याचं नकली आमिष) एवढं पुरे.

पैसे वाचवायचे ते रॉडमध्ये, रीलमध्ये नाही. दुकानातच ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा तंगूस बेतानं सुटू देणारा रीलचा ब्रेक) थोडा सैल करून तंगूस हातानं सावकाश ओढून बघा. स्पूल (तंगूस गुंडाळलेली रीलची चकरी) अडखळत, झटक्यानं फिरलं तर ते रील घेऊच नका. बारीक तंगूस त्याच झटक्याला तुटतो. घरी अर्ध्या लिटरची भरलेली बाटली तंगुसाला बांधून उचला, ड्रॅग जेमतेम सुटेल इतकाच आवळा. स्पूल काठोकाठ भरलं तर फेकताना वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, म्हणून दीड मिलिमीटर कड मोकळी ठेवा. आणि गाठ ओली करूनच आवळायची बरं का! कोरडी घासली की तंगूस तापून तिथंच कमजोर होतो.