बांधणीच्या तासाला

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला माझ्या वेळी खोली नव्हती. दोन लोखंडी कपाटं होती आणि तीही शिक्षकांच्या खोलीत, त्यामुळे पुस्तक मागायला जायचं म्हणजे सगळ्या सरांच्या नजरेखालून जायचं. माझ्यासारखी लाजरी पोरं तिकडं फिरकायचीच नाहीत. मला पुस्तकं भेटली ती कार्यानुभवाच्या तासाला. चित्रकलेचे सर आम्हांला पुस्तकबांधणी शिकवायचे आणि सरावासाठी कपाटातली फाटकी पुस्तकंच आमच्यापुढं टाकायचे.

जुनी शिवण उसवायची, फर्मे म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे सुटे करायचे, फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावायच्या. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो, त्यावरून क्रम लावायचा. मग दाभणानं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवण घालायची. मैद्याची खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. दाबयंत्र शाळेकडं नव्हतं. बांधलेली पुस्तकं दोन फळ्यांमध्ये घालून वर दोघा पोरांनी बसायचं. मी अंगानं बरा असल्यामुळं ही नेमणूक बहुधा माझ्याकडं असे, आणि बसल्या बसल्या मी पुढच्या पुस्तकाचे सुटे फर्मे वाचत असे.

हाताला लागेल तो फर्मा वाचायचा. आधी चौथा, मग सातवा, पहिला तर पुष्कळदा गहाळच. कोण कुणाचा कोण, हे कळायला वेळ लागे, पण काही पुस्तकं कुठूनही उघडली तरी धरून ठेवत आणि काही पहिल्या पानापासून वाचूनही हातातून सुटत. चांगल्या लेखनाची माझी परीक्षा अजून तीच आहे. पुस्तकाच्या दुकानात मी मधलं पान वाचतो. पाठीमागचा मजकूर वाचून पुस्तक घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

'किशोर'चे अंकही आम्ही वर्षावर्षाचे एकत्र बांधत होतो. 'बालभारती'नं हे मासिक 1971 साली सुरू केलं, त्यामुळं आमच्याकडं जुना साठा बरा होता. त्यातल्या गोष्टी मी आवडीनं वाचल्या, तरी गोष्टीतली मुलं लांबची वाटायची. त्यांच्या गावात नदीला पाणी असे.

आठवीत असताना 'बनगरवाडी' बांधायला आली. 1955 सालचं पुस्तक. मेंढपाळांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, उजाड माळ, मेंढरं, शेवटी दुष्काळ. ही कादंबरी लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आपल्याच आटपाडी तालुक्यातले, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी फर्मा खाली ठेवला. आपला माळ, आपली बोली, घोंगडं पांघरून बसलेला म्हातारा हे पुस्तकात येऊ शकतं? तोवर मला वाटायचं, पुस्तकात यायला गाव पुण्याच्या आसपास तरी पाहिजे.

त्याच वर्षी मराठीच्या बाईंनी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध दिला. अख्ख्या वर्गाच्या वहीत बेडूक, इंद्रधनुष्य आणि हिरवा शालू. बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "औंदा कुणाच्या रानात चिखल झालाय? हात वर करा." एकही हात वर गेला नाही. "मग आता घरी जाऊन खरं लिहून आणा." मी ढगाकडं बघत उभ्या राहणाऱ्या वडिलांवर लिहिलं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं नाही, कौतुकही केलं नाही. समासात विचारलं, "ढग कोणत्या बाजूनं आला?" माझ्यावर झालेलं सगळ्यांत उपयोगी संपादन हेच.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी, बदल्या, आणि तिकीट लावून सोबत पाठवलेल्या पाकिटातून परत येणाऱ्या कथा. पहिली छापून आलेली कथा आजीची होती. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. एका दिवाळी अंकानं ती कथा घेतली. 1909 साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची रीत पाडली, तिचे माझ्यासारख्यांवर मोठे उपकार आहेत. इतके अंक निघतात, इतकी पानं भरायची असतात, की खेड्यातल्या अनोळखी माणसालाही कुठंतरी जागा मिळते.

कथा लिहिताना मी आजही सुटे कागद वापरतो, प्रसंग वेगवेगळे लिहितो आणि मग क्रम लावतो. पहिला प्रसंग पुष्कळदा काढूनच टाकतो. वाचकाचं त्यावाचून काही अडत नाही, हे मला फळीवर बसल्या बसल्याच कळलं होतं.

शाळेला आता ग्रंथालयाची स्वतंत्र खोली झाली आहे आणि माझीही पुस्तकं तिथं लागली आहेत, असं मुख्याध्यापकांनी कळवलं. आजकालची बांधणी चिकटवलेली असते, दोन वर्षांत पानं सुटतील. सुटली की नवी प्रत मागवू नका. आठवीच्या पोरांना द्या. खळीचा आणि दोऱ्याचा खर्च माझ्याकडं लागला, मोरचूद मात्र सरांनीच टाकावा.