तुम्ही विचारलंत म्हणून: गाळाचं वय

तळ्याच्या गाळातून जुनं हवामान शोधायचं काम मी करते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण हा थर नऊ हजार वर्षांपूर्वीचाच, हे कळतं कसं?" मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन टाकतो, "कार्बन डेटिंग करत असाल ना?"

करते. पण तेवढ्यावर भागत असतं तर माझं निम्मं काम संपलं असतं.

तत्त्व सोपं आहे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो. झाडं तो हवेतून घेतात, प्राणी अन्नातून. जीव मेला की आवक बंद. मग दर ५७३० वर्षांनी साठा निम्मा होत जातो; हेच त्याचं अर्धायुष्य. उरलेला मोजा, मरून किती काळ झाला ते काढा. विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे करून दाखवलं, १९६० मध्ये लिबींना नोबेल मिळालं. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगं काही उरत नाही. तिथे स्वच्छतेचा घोर लागतो: लाखो वर्षं जुन्या नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन मिसळला, तरी वय ३७,००० वर्षांच्या आसपास दिसतं. म्हणून मोजणीआधी नमुना आम्लात, मग अल्कलीत, मग पुन्हा आम्लात धुतात.

आता खरी गोम. यंत्र सांगतं ती काहीतरी मेल्याची वेळ. मला हवी असते गाळ तळाशी बसल्याची वेळ. या दोन वेळा एकच आहेत, हे मी गृहीत धरलेलं असतं, आणि ते गृहीतक किती महागात पडतं ते मी एकदा चांगलंच अनुभवलंय.

कामाला नवीन असताना चुनखडीच्या प्रदेशातल्या एका तळ्याचा कोअर (तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दंड) माझ्याकडे आला. मी जागोजागचा चिमूट चिमूट चिखल तपासायला पाठवला. निकाल छान ओळीत आले, खाली जावं तसं वय वाढत गेलेलं. मधल्या एका थरात झाडांचे परागकण एकदम घटले होते आणि गवताचे वाढले होते. त्या थराचं वय दुसरीकडच्या एका दुष्काळाच्या काळाशी जुळलं. मी हरखून अडीच पानं लिहिली. मग सर्वांत वरच्या थराचा निकाल आला. नुकताच बसलेला, बोट घातलं तर हलेल असा गाळ. वय सुमारे बाराशे वर्षं!

चुनखडीतला कार्बन इतका जुना की त्यात कार्बन-१४ नावालाही नसतो. तो पाण्यात विरघळतो, पाण्याखालच्या वनस्पती तोच घेतात, आणि जिवंत असतानाच त्या शेकडो वर्षं म्हाताऱ्या दिसू लागतात. समुद्रातही असंच घडतं. पृष्ठभागाजवळच्या शिंपल्याचं वय सरासरी ४०० वर्षं जास्त भरतं. माझा चिखल त्याच पाणवनस्पतींचा होता.

यावर इलाज म्हणजे जमिनीवर वाढलेलं काहीतरी शोधणं: बी, पानाचा तुकडा, डहाळी. त्यांनी कार्बन हवेतून घेतलेला असतो. चाळणीत गाळ धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने एकेक बी उचलायची. मान मोडून येते. त्वरकावर (अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) मोजणी होऊ लागल्यापासून मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, नाहीतर हे शक्यच नव्हतं.

एवढं करूनही हातात येतात ती "कार्बन वर्षं". वातावरणातला कार्बन-१४ कायम सारखा नव्हता, त्यामुळे १०,००० कार्बन वर्षं म्हणजे कॅलेंडरची जवळपास साडेअकरा हजार होतात. (गंमत म्हणजे कार्बन वर्षं काढताना आजही लिबींचं जुनं, चुकीचं ५५६८ वर्षांचं अर्धायुष्यच वापरतात, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची तुलना होते, आणि "आजपासून इतकी वर्षं मागे" म्हणताना "आज" म्हणजे १९५० साल धरतात.) हे रूपांतर करायला वर्ष मोजता येईल अशा गोष्टी लागतात. झाडांची वलयं त्यातली सर्वांत भरवशाची. त्यापलीकडे जपानच्या सुइगेत्सु तळ्यासारखी ठिकाणं, जिथे गाळाचा दरवर्षी वेगळा थर बसला आणि त्यात झाडांची पानं टिकली. काही काळ मात्र हट्टी आहेत. इ.स.पू. ८०० ते ४०० मधला नमुना असेल तर बहुतेकदा उत्तर मिळतं, "या चारशे वर्षांत कुठेतरी."

म्हणून मी एकाच घड्याळावर विसंबत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसं असतं, त्याचं अर्धायुष्य जेमतेम २२ वर्षांचं. अणुचाचण्यांमुळे पडलेल्या सीझियम-१३७ च्या प्रमाणातला १९६३ चा उंचवटा अनेक तळ्यांत खुणेसारखा सापडतो. वाळू असेल तर तिच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं तेही काढता येतं. फक्त नमुना अंधारात, बंद नळीत काढावा लागतो. क्षणभर उजेड लागला की घड्याळ शून्यावर.

त्या तळ्यातून शेवटी अकरा बिया मिळाल्या. वरचे थर शिसे आणि सीझियमने पक्के केले, खालचे बियांनी. झाडं घटल्याचा थर नऊशे वर्षांनी अलीकडे सरकला, दुष्काळ सरून गेल्यानंतरच्या काळात. ती अडीच पानं मी त्याच संध्याकाळी फाडली.